भाकर कुणासाठी बदलते?

कॅथलिक मिस्सेतला सर्वांत मोठा दावा सर्वांत छोट्या संवादात मावतो. धर्मगुरू नाण्याएवढी पातळ चकती समोर धरतो आणि ‘ख्रिस्ताचे शरीर’ एवढेच म्हणतो. घेणारा ‘आमेन’ म्हणतो, ती जिभेवर किंवा तळहातावर घेतो आणि खातो. गव्हाचे पीठ आणि पाणी यांखेरीज तिच्यात काही मिसळायचे नाही, असा लॅटिन परंपरेचा दंडक आहे. सामग्री इतकी साधी, आणि त्या ‘आमेन’चा अर्थ मात्र असा, की क्रुसावर मेलेला आणि पुन्हा उठलेला येशू या खाण्याच्या वस्तूत खरोखर हजर आहे. शतकानुशतके वाद झाला तो बहुतेक या भाकरीविषयी : ती बदलते की नाही, बदलते तर कशी, आणि डोळ्यांना ते का दिसत नाही? हा प्रश्न खरा आहे, पण अर्धा आहे. भाकर बदलते ती खाणारे बदलावेत म्हणून, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. तो कुणा आधुनिक सुधारकाने बाहेरून आणून चिकटवलेला नाही. युखरिस्त म्हणजे मिस्सेतले हे भोजन; त्याविषयीच्या कॅथलिक विचाराचा तो पहिल्यापासूनचा कणा आहे. भक्तीच्या सवयीत तो वेळोवेळी नजरेआड झाला, आणि तसा तो झाला तेव्हा तेव्हा उरलेला अर्धा भागही दुबळा झाला.

मराठी वाचकाला इथे साहजिकच प्रसाद आठवेल. ही तुलना काही अंतरापर्यंत चांगली साथ देते. दोन्हींत माणूस काहीतरी देवापुढे ठेवतो आणि ते त्याला वेगळ्या मोलाचे होऊन परत मिळते. दोन्ही हात पुढे करून घ्यायचे असतात. भाविकाने वेदीवरून स्वतः उचलून खायचे नाही, दुसऱ्याच्या हातून स्वीकारायचे, हा कॅथलिक नियम त्याच वृत्तीचा आहे. पण प्रसादात देणारा देव वेगळा आणि दिलेले अन्न वेगळे राहते. युखरिस्तात देणारा आणि दिलेले एकच आहेत, असे श्रद्धा सांगते. शिवाय हे देणे मरणाच्या आदल्या रात्रीचे आहे. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतल्या त्या जेवणात येशूने भाकर मोडून हे आपले शरीर आहे असे शिष्यांना सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ते शरीर खरोखरच मोडले गेले. म्हणून मिस्सेला भोजन म्हणतात तसेच बलिदानही म्हणतात. इथे खाणे म्हणजे दुसऱ्याने स्वतःला देऊन टाकले त्यात वाटेकरी होणे. आणि अशा देण्यात जो वाटेकरी झाला, त्याला स्वतःला राखून ठेवता येईल का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

या जेवणाचा सर्वांत जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. पहिल्या शतकाच्या पन्नाशीत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले, त्यात तो येतो, आणि तो कोणत्या निमित्ताने येतो हे महत्त्वाचे आहे. पौल तिथे भाकरीच्या स्वरूपावर प्रवचन करत नाही. तो एका पंक्तिप्रपंचावर संतापला आहे. करिंथमध्ये प्रभुभोजनासाठी जमल्यावर खात्यापित्या घरचे लोक आपापले जेवण आधीच उरकत, काही पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशीच बसून राहत. पौल त्यांना बजावतो की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. मग तो शेवटच्या रात्रीची परंपरा सांगतो आणि ताकीद देतो की शरीर न ओळखता जो खातो, तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. कोणते शरीर, भाकरीतले की समोर उपाशी बसलेल्या माणसांचे? भाष्यकार यावर अजून वाद घालतात. पण आदल्याच अध्यायात पौलाने म्हटले आहे की भाकर एक असल्यामुळे ती खाणारे अनेक जण एक शरीर होतात. त्याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतच नाहीत. कोण कुणाच्या पंक्तीला बसतो यावर ज्या समाजाने माणसाची किंमत ठरवली, त्या समाजातल्या वाचकाला या रागाची फोड करून सांगायला नको.

पुढच्या शतकांतही हाच धागा दिसतो. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची चौकशी करून सम्राट ट्राजनला कळवले की हे लोक एकत्र जमून जे अन्न घेतात ते साधे आणि निरुपद्रवी असते. नरमांसभक्षणाचा जो आरोप ख्रिस्ती लोकांवर पुढे वारंवार झाला, त्यावर हे एका परक्या अधिकाऱ्याचे उत्तर म्हणता येईल. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आता सामान्य अन्न राहिलेले नाही, हे तो ठामपणे सांगतो. लगेच पुढे तो हेही सांगतो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक ते घरी घेऊन जातात, आणि जमलेला निधी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांच्यासाठी वापरला जातो. एकाच वर्णनात या दोन गोष्टी शेजारी आहेत, आणि जस्टिनला त्यांत कसलाही सांधा जोडावा लागत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये तर पोपच्या मिस्सेतल्या भाकरीचा तुकडा रविवारी शहरातल्या इतर चर्चांना पाठवला जाई, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी जमलेले लोक एकाच वेदीचे राहतील. त्याच काळात आफ्रिकेतला ऑगस्टिन नवदीक्षितांना समजावत होता की वेदीवर ठेवले आहे ते तुम्हीच आहात. तुम्ही ‘आमेन’ म्हणता तेव्हा स्वतःच्याच रहस्याला होकार देता. तेव्हा जे आहात, ते होऊनही दाखवा.

मध्ययुगात प्रश्नाचा रोख भाकरीकडे वळला. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सत्त्व बदलते ही भाषा अधिकृत केली आणि त्याच शतकात थॉमस अक्वायनसने तिची सविस्तर मांडणी केली. भाकरीचे रूप, चव, वजन, तुटणे हे सगळे तसेच राहते. ती मुळात काय आहे, ते बदलते. ख्रिस्त तिथे एखादी वस्तू डब्यात असावी तसा जागा व्यापून नसतो. चकती मोडली म्हणून ख्रिस्त मोडत नाही आणि प्रत्येक तुकड्यात तो पूर्ण असतो. इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण अक्वायनस इथे थांबत नाही, आणि माझ्या युक्तिवादाचा आधार हाच पुढचा भाग आहे. या संस्कारात तो तीन थर पाहतो. पहिला थर निव्वळ खुणेचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. दुसरा थर ख्रिस्ताच्या खऱ्या शरीराचा. ते खुणेने दाखवलेलेही आहे आणि तिच्यात आहेही. तिसरा थर त्या सगळ्यांचे अंतिम फळ, म्हणजे ख्रिस्ताशी आणि एकमेकांशी जोडल्या गेलेल्या माणसांची एकता. ही एकता खुणेने दाखवलेली असते, पण खुणेच्या आत नसते. सत्त्वांतराचा सर्वांत मोठा तत्त्वज्ञ स्वतःच सांगतो की भाकरीतले ख्रिस्तशरीर ही शेवटची पायरी नव्हे, मधली आहे. मधली म्हणजे कमी महत्त्वाची नव्हे, कारण तिच्यावाचून तिसरी गाठता येत नाही. पण जी गोष्ट भाकरीच्या आत नाहीच, ती वेदीवरच्या पेटीत कुलूप लावून जपता येणार नाही. ती घडली तर माणसांतच घडेल.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. चकती प्रयोगशाळेत नेली तर गव्हाखेरीज काही सापडणार नाही, मग बदलले काय? गंमत अशी की हे ख्रिस्तसभा स्वतःच मान्य करते. गव्हातल्या ग्लुटेनने ज्यांचे आतडे बिघडते त्यांना अभिषिक्त भाकरीनेही त्रास होतो, हे गृहीत धरूनच रोमने अशा लोकांसाठी अगदी कमी ग्लुटेनच्या चकत्यांना परवानगी दिली आहे, आणि तेवढेही सोसत नसेल तर फक्त द्राक्षारस घेण्याची मुभा आहे. रसायनशास्त्राला जे दिसते ते सगळे जसेच्या तसे राहते, असे या सिद्धान्ताचे म्हणणेच आहे. त्यामुळे प्रयोगशाळा त्याला खोटे पाडू शकत नाही आणि खरेही ठरवू शकत नाही. मग जो दावा कशानेच तपासता येत नाही त्याला अर्थ काय, असे कुणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तिसऱ्या थरात आहे. दुसरा थर उपकरणाने तपासता येत नाही, पण त्याचे जे फळ सांगितले आहे ते माणसांच्या वागण्यात दिसायला हवे, आणि वागणे सगळ्यांना दिसते. परंपरेने स्वतःच ही कसोटी मान्य केली आहे. ती अवघड कशी जाते ते पुढे पाहू.

दुसरा आक्षेप अधिक जवळच्या लोकांचा आहे. १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. ल्यूथरने येशूचे भाकरीविषयीचे वाक्य टेबलावर खडूने लिहून ठेवले आणि त्यातल्या ‘आहे’वरून तो शेवटपर्यंत हटला नाही. झ्विंग्लीचे म्हणणे असे की येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणाला, दारही म्हणाला. मग हेही रूपकच का समजू नये? आठवण आणि आठवणीतून जुळणारी मंडळी एवढे पुरेसे आहे, आणि तुम्ही सांगता ती एकता त्यातूनही साधतेच. हा आक्षेप वजनदार आहे, कारण तो तिसरा थर मान्य करून दुसरा अनावश्यक ठरवतो. पण आठवणीचे बळ आठवणाऱ्याच्या बळाइतकेच असते. मंडळी उत्साही असेल तर प्रतीक जिवंत राहते. ती थकली की प्रतीकही थकते. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये ख्रिस्ताचे खरे अस्तित्व पुन्हा ठासून सांगितले तेव्हा एक गोष्ट राखली गेली : ही एकता आपण आपल्या भावनेतून निर्माण करत नाही, ती आपल्याला मिळते. व्हिएतनाममध्ये १९७५ साली अटक होऊन तेरा वर्षे बंदिवासात राहिलेले बिशप न्‌गुयेन व्हान थुआन यांचे उदाहरण इथे बोलके आहे. त्यांनी पोटाच्या औषधासाठी म्हणून बाहेर निरोप धाडला, आणि ज्यांना खूण कळली त्यांनी औषधाची चिठ्ठी लावून द्राक्षारसाची छोटी बाटली पाठवली. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा करत. छावणीत रात्री दिवे गेल्यावर भाकरीचे कण मच्छरदाणीखालून शेजारच्या कॅथलिक कैद्यांपर्यंत जात. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदात बांधून ते जपले जात. निव्वळ आठवणीसाठी माणूस एवढी जोखीम घेणार नाही असे म्हणता येत नाही. पण त्या कैद्यांना आपण काही आठवतो आहोत असे वाटत नव्हते. कुणीतरी आपल्याकडे आले आहे, असे ते मानत होते, आणि त्या मानण्यातूनच त्या छावणीत मंडळी उभी राहिली.

झ्विंग्ली दुसरा थर गाळतो; कॅथलिक भक्तीची चूक बरोबर उलटी, ती दुसऱ्या थरावरच थांबते. तेराव्या शतकापासून मिस्सेत भाकर उंच धरून दाखवण्याची प्रथा रूढ झाली. लिएजच्या जुलियानाच्या आग्रहातून उगवलेला ख्रिस्तशरीराचा सण १२६४ मध्ये पोप अर्बन चौथे यांनी सर्वत्र लागू केला. मिरवणुका निघू लागल्या. त्या भक्तीने अप्रतिम संगीत आणि शिल्प दिले, पण एक विचित्र प्रकारही घडला : लोक भाकर पाहायला धडपडू लागले आणि खायचे सोडू लागले. वर्षातून निदान एकदा कम्युनियन, म्हणजे ही भाकर, घ्याच, असा नियम लॅटरन परिषदेला आधीच करावा लागला होता, यावरून स्थिती लक्षात यावी. ही घडी मोडायला विसावे शतक उजाडले. पोप पायस दहावे यांनी १९०५ मध्ये वारंवार, शक्य तर रोज कम्युनियन घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये सातेक वर्षांच्या मुलांनाही ते खुले केले. म्हणून आराधना चूक ठरते का? नाही. खाण्याआधी वंदन करावे असे ऑगस्टिनही सांगतो, आणि वेदीपुढे शांत बसण्यात ते खाणे मनात मुरते. पण जी आराधना खाण्यापासून सुटते, ती ख्रिस्ताला पाहुणा म्हणून बसवते आणि पानाला हात लावत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. हे फळ खरे असेल तर दिसत का नाही? शतकानुशतके कोट्यवधी लोक एकाच भाकरीतून खात आले, आणि त्यांच्यातलेच लोक गुलामांचा व्यापार करत होते, एकमेकांवर सैन्य घेऊन चालून जात होते. आपल्याजवळचे उदाहरण तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुलमचे आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे बांधलेल्या चर्चला दोन दालने होती, एक वेल्लाळांसाठी आणि एक नाडारांसाठी. दोन्ही वेदीपाशी येऊन मिळत, म्हणजे दोन्हीकडच्यांना तीच मिस्सा दिसे, पण एकमेकांचे तोंड दिसू नये अशी सोय होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मधली भिंत पाडली गेली, पण जातींचे वेगळेपण अनेक ठिकाणच्या दफनभूमींत अजून शिल्लक आहे. अक्वायनसच्या भाषेत सांगायचे तर त्या इमारतीत दुसरा थर पूर्ण होता आणि तिसऱ्याला विटांनी बुजवले होते. याला उत्तर म्हणून अपवादात्मक संतांची यादी पुढे करणे ही पळवाट ठरेल. खरे उत्तर असे की हा आक्षेप बाहेरचा नाहीच. पौलाने करिंथकरांवर घेतलेला तोच. कॅथलिक शिकवणीत ख्रिस्ताचे येणे माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसते, पण त्याचे फळ घेणाऱ्याच्या होकारावर अवलंबून असते. दान खरे असूनही ते नाकारता येते, तोंडाने घेऊनही नाकारता येते. त्यामुळे वडक्कनकुलमची भिंत या शिकवणीला खोटे पाडत नाही. पण तिच्या अंगाने गेलेल्या प्रत्येक ‘आमेन’ला ती खोटे पाडते, आणि हे बोलण्याचा अधिकार टीकाकाराला ही शिकवणच देते.

मग विचारले जाते की एकतेचे जेवण म्हणता, तर दार बंद का? इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांना कॅथलिक वेदीवर सहसा कम्युनियन दिले जात नाही, हे खरे आहे. त्यामागचा विचार असा की ‘आमेन’ हे वचन आहे, आणि जे वचन अजून मान्य नाही ते पाहुणचाराच्या ओघात कुणाच्या तोंडी घालू नये. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये दोन तत्त्वे शेजारी ठेवली : एकतेची खूण म्हणून हे भोजन सरसकट वाटता येत नाही, पण कृपेचे साधन म्हणून काही वेळा द्यावेसेही वाटते. हा ताण सुटलेला नाही आणि तो सुटल्याचा आव आणू नये. मात्र ही शिस्त कुणावर चालते, यावर तिचे मोल ठरते. थेस्सलनीकातल्या कत्तलीनंतर, ३९० मध्ये, मिलानच्या अँब्रोसने सम्राट थिओडोसियसला कळवले की तू समोर असताना मला मिस्सा अर्पण करता येणार नाही. चिलीत पिनोचेच्या राजवटीत, १९८०च्या सुमारास, काही बिशपांनी छळ करणाऱ्यांना बहिष्कृत जाहीर केले. ज्याने माणसांची शरीरे मोडली त्याला हे मोडलेले शरीर देता येत नाही, हा तिथला न्याय. याउलट पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये आठवण करून दिली की हे निर्दोषांचे बक्षीस नव्हे, दुबळ्यांचे औषध आहे. बलवंतांना थांबवणारे आणि दुबळ्यांना वाट देणारे दार वेगळे. दुबळ्यांवर बंद होऊन बलवंतांना उघडणारे दार वेगळे. आक्षेपाला उत्तर मिळते ते पहिल्या दारापाशीच.

मुंबईने हा प्रश्न एकदा फार जवळून पाहिला. १९६४च्या नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये ओव्हल मैदानावर अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि त्यासाठी पॉल सहावे आले. भारतात आलेले ते पहिले पोप. धान्यटंचाईच्या त्या दिवसांत भाकरीचा एवढा मोठा उत्सव करणे कित्येकांना खटकणे स्वाभाविक होते. पण पोपनी याच भेटीत जगातल्या राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग काढून कंगालांसाठी एक जागतिक निधी उभारा, आणि १९६७च्या आपल्या परिपत्रकात मुंबईतल्या त्या आवाहनाचा पुन्हा उल्लेख केला. प्रवासात वापरलेली मोटार ते मदर तेरेसांना देऊन गेले. निधी काही त्या आकाराने उभा राहिला नाही. तरी परिषदेच्या मांडवातून निघालेले वाक्य शस्त्रे आणि भूक यांच्याविषयी असावे, यात युखरिस्ताचे तर्कशास्त्र अचूक होते. ते तर्कशास्त्र चौथ्या शतकातच जॉन क्रिसोस्टोमने मांडून ठेवले आहे. भाकरीला आपले शरीर म्हणणारा आणि भुकेल्याला तुम्ही दिले नाही ते मलाच दिले नाही असे म्हणणारा एकच आहे, असे तो श्रोत्यांना सुनावतो. याचा अर्थ सरळ आहे. पहिले विधान शब्दशः घेण्याचा कॅथलिकांना अभिमान आहे आणि त्यासाठी त्यांनी शतकानुशतके वाद घातला आहे. मग दुसरे विधान रूपक म्हणून सोडून देण्याची सवलत त्यांनाच सर्वांत कमी आहे.